मोठ्या शिल्पाचा पैसा: कोण देतं, कधी देतं आणि बदल्यात काय नेतं

प्रश्न नाशिकच्या एका तरुण शिल्पकाराचा आहे. गोदाकाठी तीस फूट उंचीचं, स्टेनलेस स्टील आणि तांब्याचं एक काम उभारायचं त्यांच्या मनात आहे. रेखाटनं झाली आहेत, दोन फुटांचं मॉडेल झालं आहे, एका फॅब्रिकेटरने तोंडी चाळीस लाखांचा आकडा सांगितला आहे. ते विचारतात: इमारती कापडात गुंडाळणाऱ्या क्रिस्टोसारखे कलाकार एकही प्रायोजक न घेता कोट्यवधींची कामं कशी उभी करतात? आपल्याकडे तसं जमेल का? की महापालिका, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठी कायद्याने करायचा खर्च), लोकवर्गणी यांपैकी एखादी वाट धरावी?

मी सुरुवात शिल्पकार म्हणून केली, पण गेली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मोठ्या कामांचं अंदाजपत्रक, करार आणि वसुली हेच माझं मुख्य काम आहे. त्यामुळे उत्तर जरा हिशेबी वाटेल. पैसा कुठून येईल हे सगळेच विचारतात. तो कोणत्या महिन्यात हातात पडेल आणि देणारा बदल्यात काय घेऊन जाईल, हे दोन प्रश्न मात्र सही झाल्यावर आठवतात. कामं अडतात ती तिथेच.

आधी क्रिस्टो. त्यांचं नाव काढलं की लोकांना वाटतं, घरचा पैसा असणार. तसं काही नव्हतं. बल्गेरियात जन्मलेला हा माणूस १९५७ मध्ये प्रागहून निसटून व्हिएन्नाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पोचला, आणि पोटासाठी लोकांची पोर्ट्रेट रंगवू लागला. पुढे पत्नी आणि कामातली जोडीदार झालेल्या झान-क्लोद त्यांना भेटल्या त्याही आईच्या पोर्ट्रेटच्या निमित्ताने. पुढे दोघांनी जी व्यवस्था बसवली ती अशी: प्रत्येक मोठ्या कामाआधी क्रिस्टो त्या कामाची रेखाटनं, कोलाज आणि मॉडेलं करत. ती संग्राहकांना, गॅलऱ्यांना, संग्रहालयांना विकली जात. व्यवहार झान-क्लोद सांभाळत, आणि पैसा त्यांच्या सीव्हीजे कॉर्पोरेशन या कंपनीतून फिरे. काम एकदा उभं राहिलं की त्या कामाचं एकही नवं चित्र क्रिस्टो काढत नसत. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. माल मर्यादित होता, आणि तो तसा आहे हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

शिवाय त्यांचं प्रत्येक काम वर्षानुवर्षं लांबत असे, आणि तो विलंबसुद्धा त्यांच्या पथ्यावरच पडे. बर्लिनचं राइशस्टाग कापडात गुंडाळायची कल्पना १९७१ ची. परवानगी मिळाली ती २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, जर्मन संसदेत चर्चा आणि मतदान होऊन, २९२ विरुद्ध २२३ मतांनी. काम उभं राहिलं १९९५ च्या जूनमध्ये आणि टिकलं दोन आठवडे. मधली सगळी वर्षं नकार येत होते आणि चित्रं विकली जात होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या 'द गेट्स'ला १९८१ मध्ये नकार मिळाला, २००३ मध्ये होकार. २००५ च्या फेब्रुवारीत ७,५०३ केशरी दारं सोळा दिवस उभी होती. खर्च सुमारे २ कोटी १० लाख डॉलर, हा आकडा त्यांनीच दिलेला. शहराकडून एक डॉलर न घेता उलट तीस लाख डॉलर त्यांनीच बागेसाठी दिले. कामगारांनाही रोख मजुरी दिली, कोणाला फुकट राबवलं नाही. विक्रीचा पैसा येईपर्यंतची फट भरायला स्वतःच्या चित्रांच्या साठ्याच्या तारणावर बँकेची उचल घेतली जाई.

म्हणजे 'स्वतःच्या पैशाने' याचा खरा अर्थ असा की त्यांच्यापाशी विकायला दुसरा माल होता, तो तारण ठेवून घेणारी बँक होती, आणि दोन-दोन दशकं थांबायची तयारी होती. जोखीम सगळी त्यांची. कोलोरॅडोतल्या नदीवर कापड ताणण्याच्या कामावर दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च होऊन बसला होता, तरी २०१७ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. जमीन केंद्र सरकारची, आणि नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सरकारला या कामाचा लाभ होऊ द्यायचा नाही, एवढं कारण त्यांना पुरलं. हे करता आलं कारण कोणाला हिशेब द्यायचा नव्हता. सीएसआरच्या पैशावर असा रुसवा धरून पाहा!

तुमच्याकडे असा बाजार आज नाही, म्हणून ती वाट जशीच्या तशी चालणार नाही. पण तिचा एक तुकडा नक्की उचलण्यासारखा आहे, आणि तो क्रिस्टोंच्याही आधीचा. स्वातंत्र्यदेवीचा शिल्पकार बार्थोल्डी याने १८७६ मध्ये पुतळ्याचा फक्त मशालधारी हात फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडला आणि वर चढून बघायला पन्नास सेंट घेतले. फ्रान्समध्ये सोडत काढली, छोटी मॉडेलं विकली. तुमचं दोन फुटांचं मॉडेल आत्ता कपाटावर धूळ खात असेल. त्याच्या आठ-दहा प्रतींची मर्यादित आवृत्ती काढा, क्रमांक घाला, सही करा, आणि मोठं काम उभं राहण्याआधी विका. त्यातून चाळीस लाख येणार नाहीत. पण माती परीक्षण, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आणि नकाशे यांचा खर्च निघेल, आणि याच खर्चाला कोणीही पैसे देत नाही. सगळ्यांना तयार कागद हवे असतात, कागद तयार करायचे पैसे कोणालाच द्यायचे नसतात.

आता महापालिका. सिंहस्थ २०२७ तोंडावर आहे, घाटांवर कामं निघणार, 'सौंदर्यीकरण' या शीर्षाखाली तरतूद होणार, हे तुमच्या डोक्यात असेलच. पण इंजिनिअरच्या टेबलावर तुमच्या शिल्पाचं काय होतं ते आधी समजून घ्या. पालिकेचं अंदाजपत्रक दरसूचीवर, म्हणजे डीएसआरवर चालतं. काँक्रीट घनमीटरला काय, फरशी चौरस मीटरला काय, ते सगळं त्यात असतं. शिल्प नसतं. मग साहेब म्हणतात, तीन कोटेशनं आणा. तुमच्या कल्पनेचं कोटेशन तुम्ही द्याल, बाकी दोन कोण देणार? ज्यांनी ती कल्पना कधी पाहिलेलीच नाही ते देतात, किलोच्या दराने. पुढे निविदा निघते ती कंत्राटदाराच्या नावावर, सगळ्यात कमी दर त्याचा, आणि तुम्ही त्याचे पोटकंत्राटदार. स्वच्छता सर्वेक्षणाच्या दिवसांत रंगवलेल्या भिंती आठवा. चित्रकाराला चौरस फुटाने मिळतात, आणि मंजूर दर व त्याच्या हातात पडलेला दर यांच्यातला फरक तिसऱ्याच्याच खिशात जातो.

हे टाळायचा मार्ग म्हणजे निविदेआधी संकल्पनांची स्पर्धा किंवा स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे इच्छुकांकडून प्रस्ताव मागवणारी जाहिरात, काढायला लावणं, आणि संकल्पनेची फी घडणीच्या खर्चापासून वेगळी मंजूर करून घेणं. आयुक्त समजूतदार असले तर होतं. नसले तर नाही होत, आणि तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

समजा कार्यादेश मिळाला. तरी पैसा कामाआधी येत नाही, मोजमापानंतर येतो. माझ्या ओळखीतल्या एका कामात चौथरा झाला, आतला सांगाडा फाउंड्रीच्या आवारात उभा राहिला, आणि कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप पुस्तकात फक्त चौथरा लिहिला. कारण सांगाडा 'साइटवर नाही'. त्याचं नियमाने बरोबरच होतं. चौथऱ्याचं बिल निघालं त्यातून आयकराचा टीडीएस गेला, जीएसटीचा दोन टक्के टीडीएस गेला, एक टक्का कामगार उपकर गेला, सुरक्षा ठेव गेली. उरलेल्यात फाउंड्रीचा दुसरा हप्ता भागेना. तोपर्यंत तांब्याचा भाव चढला. कागदावर नफ्यातलं काम होतं ते, पण शिल्पकाराने घरातलं सोनं गहाण टाकलं. म्हणून करारात टप्पे लिहून घ्या: मातीचं किंवा पूर्ण मापाचं मॉडेल मंजूर झालं की इतके टक्के, सांगाडा कारखान्यात तपासला की इतके, साइटवर माल उतरला की इतके. 'कारखान्यात तपासणी' हे दोन शब्द करारात असले तर मोजमाप पुस्तकाला तिथपर्यंत जावंच लागतं.

एक अडचण तुमच्या जागेची. गोदाकाठ म्हणजे पूररेषा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, कायमचं बांधकाम जवळपास अशक्य समजा. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, तिच्या आतही अटी आहेत. जलसंपदा विभागाचं पत्र हातात नसताना कोणत्याही देणगीदाराकडे जाऊ नका. हुशार देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो. आणि उद्या हेच काम एखाद्या व्यक्तीचा पुतळा झालं, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाकडून मातीच्या मॉडेलला मान्यता हा वेगळाच प्रवास आहे. अमूर्त काम त्यातून सुटतं, हा अमूर्ततेचा एक फायदा कलासमीक्षक कधी लिहीत नाहीत.

सीएसआरबद्दल गैरसमज फार. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायला लावतं, आणि सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृती आहे, हे खरं. पण तो पैसा कलाकाराच्या खात्यात येत नाही. तो येतो नोंदणीकृत संस्थेकडे, जिच्याकडे आयकर खात्याची नोंदणी आणि देणगी-सवलतीची मान्यता आहे (१२ए आणि ८०जी म्हणतात ती), सीएसआरचा पैसा घेण्यासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आहे आणि तीन वर्षांच्या कामाचा इतिहास आहे. आज ट्रस्ट काढून उद्या अर्ज, असं होत नाही. तेव्हा शहरातली जुनी संस्था शोधा, एखादी वाचनालयाची, वारसा जतनाची, कलाशिक्षणाची, आणि तिच्यामार्फत जा. ती काही टक्के व्यवस्थापन खर्च म्हणून मागेल, तो द्या. तेवढी लिखापढी तुमच्याने होणार नाही.

दुसरं, सीएसआर आणि जाहिरात हे कंपनीतले दोन वेगळे खिसे आहेत. मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामुळे सीएसआरवाल्यांना तुम्ही 'तुमचा लोगो मोठा लावू' म्हणालात तर ते खूश होण्याऐवजी मागे सरतात. लोगोची भाषा बोलायची ती मार्केटिंगच्या माणसाशी. सार्वजनिक भिंती रंगवणारी स्टार्ट इंडिया (St+art India) ही संस्था आणि एशियन पेंट्स यांची जोडी हे याचं चांगलं उदाहरण. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या भिंती, मुंबईत २०१७ चा ससून डॉकचा प्रकल्प, यांत रंगाची कंपनी रंगाच्याच कामात आली. दोघांचा स्वार्थ उघड होता, म्हणून तो टिकला. तुमच्या कामात स्टील आहे, क्रेन आहे, वेल्डिंग आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात रोख देणारा मिळण्यापेक्षा पत्रा देणारा, लेझर कटिंग करून देणारा, क्रेनचे दोन दिवस देणारा लवकर मिळेल. अशी मदत घ्या, पण तिची किंमत कागदावर लिहून घ्या. 'बघू, करून देऊ' ही मदत नव्हे, आणि ऐन उभारणीच्या दिवशी ते कळतं.

लोकवर्गणीला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. दरवर्षी दहा दिवसांसाठी रस्त्यावर काय काय उभं राहतं! मंडप, देखावे, हलती चित्रं, सगळं वर्गणी, अहवालातल्या जाहिराती आणि कमानींवर. तात्पुरत्या सार्वजनिक कलेचा एवढा मोठा आणि नियमित निधी जगात फार ठिकाणी नसेल. स्वातंत्र्यदेवीचा चौथराही असाच झाला. पुतळा तयार होता, चौथऱ्याला पैसे नव्हते, समिती थकली होती. १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झरने आपल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये जाहीर केलं की एक सेंट देणाऱ्याचंही नाव छापीन. पाचेक महिन्यांत एक लाख डॉलरच्या वर जमले, देणारे एक लाख वीस हजारांहून अधिक, बहुतेकांनी एक डॉलरही दिला नव्हता. आता हिशेब बघा: माणशी सरासरी डॉलरच्या आतच. वर्गणी चालली ती रोज घराघरात पोचणारं वर्तमानपत्र हाती होतं म्हणून. ऑनलाइन क्राउडफंडिंगचंही तेच आहे. २०१५ मध्ये चिनी कलाकार आय वेवे याच्या वृक्षशिल्पांसाठी लंडनच्या रॉयल अकॅडमीने किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर एक लाख २३ हजार पौंडांच्या आसपास गोळा केले, पण नाव आय वेवेचं होतं आणि मागे रॉयल अकॅडमी होती. तुमची यादी किती लोकांची आहे? फोन केला तर उचलतील असे दोनशे असतील, तर वर्गणीतून दोन-तीन लाख धरा, जास्त नको. आणि रस्त्यावर पावतीपुस्तक घेऊन उतरायच्या आधी धर्मादाय कार्यालयाची ४१ क खालची परवानगी काढा, मंडळं काढतात तशी.

अनुदानांत बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि दिल्लीची 'फिका' (फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट) यांच्याकडे लक्ष ठेवा. 'फिका'ने सार्वजनिक कलेसाठी वेगळं अनुदान दिलेलं आहे. गोव्यात दर डिसेंबरला होणारा सेरेंडिपिटी महोत्सव नवी कामं करवून घेतो. या रकमांनी तीस फूट उभे राहत नाहीत, पण एक अनुदान पाठीशी असलं की दुसरा देणारा ऐकून घेतो. इंग्लंडमधल्या गेट्सहेडचा 'एंजल ऑफ द नॉर्थ' असाच थराथराने झाला. अँटनी गॉर्मलीचं हे वीस मीटर उंच, दोनशे टनांचं काम १९९८ मध्ये उभं राहिलं, खर्च सुमारे आठ लाख पौंड. मोठा वाटा लॉटरीतून कलेसाठी राखलेल्या पैशाचा, बाकी युरोपीय प्रादेशिक निधी आणि इतर. 'हा पैसा दवाखान्याला का नाही?' अशी ओरड तिथेही झाली. उत्तर असं होतं की हा पैसा दवाखान्याला देताच येत नाही. तुमच्याही बाबतीत हा प्रश्न येणार, तेव्हा कोणत्या शीर्षातला पैसा कुठे वळवता येत नाही, ते पाठ असू द्या.

आता त्या चाळीस लाखांकडे. हा आकडा घडणीचा आहे, कामाचा नव्हे. त्यात पाया नाही, माती परीक्षण नाही, वाऱ्याच्या दाबाचं गणित (आयएस ८७५, भाग ३) नाही, ट्रेलर आणि क्रेन नाही, वीज नाही, विमा नाही, उभारणीच्या काळातला रात्रीचा राखणदार नाही. तुमची फी तर नाहीच. फी सगळ्यात आधी लिहा, उरेल त्यातून घेऊ म्हणाल तर काही उरत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तेव्हापासून कागद बारकाईने पाहिले जातात, आणि पाहिले जावेतच. क्रिस्टोंच्या १९९१ च्या छत्र्यांच्या कामात, २ कोटी ६० लाख डॉलर खर्चूनही, कॅलिफोर्नियात वाऱ्याने उपटलेल्या छत्रीखाली एक बाई गेली आणि जपानमध्ये काढणीच्या वेळी एक कामगार विजेच्या धक्क्याने गेला. तिसऱ्या पक्षाच्या दायित्वाचा विमा या ओळीवर काट मारून बजेट बसवू नका.

खास तुमच्या साहित्याबद्दल: स्टील आणि तांबं एकमेकांना चिकटवलंत आणि वर पाऊस पडला, तर जोडाच्या जागी गंज धरतो. दोन्हींमध्ये नायलॉनचे वॉशर आणि पट्ट्या घालाव्या लागतात, बोल्टसुद्धा वेगळे. फॅब्रिकेटरने ते धरलंय का विचारा, बहुधा नसेल. आणि हाताला लागेल अशा उंचीवर तांबं ठेवू नका, पहिल्याच पावसाळ्यात भंगारवाल्याकडे मिळेल. दहा फुटांपर्यंत स्टील, वर तांबं, असं रचनेतच करता आलं तर राखणदाराचा खर्च वाचतो.

शिकागोच्या 'क्लाउड गेट'चं अंदाजपत्रक साठ लाख डॉलर होतं, शेवटी २ कोटी ३० लाखांवर गेलं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं काम, पैसे खासगी देणगीदारांचे. ते ज्या बागेत आहे ती २००४ मध्ये उघडली तेव्हा पत्र्यांचे जोड दिसत होते, पॉलिश पूर्ण झालं २००५ मध्ये आणि औपचारिक लोकार्पण २००६ मध्ये. तिथे देणगीदारांनी वाढीव खर्च सोसला. तुमचा सोसणार नाही. म्हणून अनपेक्षित खर्चाला वीस टक्के वेगळे ठेवा, आणि ती ओळ 'किरकोळ' अशी न लिहिता 'दरवाढ व आकस्मिक' अशी लिहा. 'किरकोळ' पहिल्याच बैठकीत खोडलं जातं. माझ्या अंदाजाने तुमचं काम सत्तर लाखांच्या घरात जाईल.

बदल्यात काय जातं, तेही पाहा. सरकार किंवा सरकारी उपक्रमासाठी केलेल्या कामाचा कॉपीराइट, करारात वेगळं लिहिलं नाही, तर त्यांच्याकडे जाऊ शकतो. मग तुमच्याच मॉडेलच्या प्रती विकायला तुम्हाला त्यांना विचारावं लागेल. एक वाक्य घाला: कॉपीराइट आणि मॉडेलच्या आवृत्तीचा हक्क कलाकाराकडे. कामाची मोडतोड न होऊ देण्याचा हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली तुमचाच राहतो. अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्रॉन्झचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही दिली. सव्वीस वर्षं गेली त्यात. त्यापेक्षा देखभाल कोण करणार, आणि काम हलवायचं झालं तर किती दिवस आधी कळवणार, हे आत्ताच लिहून घेणं स्वस्त.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा लावला असता: पूररेषेचं पत्र, मॉडेलच्या आवृत्तीची विक्री, त्या पैशातून इंजिनिअरचे नकाशे, मग जुन्या संस्थेमार्फत सीएसआरचा अर्ज, पण दिवाळीच्या आधी. कंपन्या मार्चअखेर घाईत असतात हे खरं, पण तेव्हा त्या ओळखीच्या संस्थांनाच देतात. पालिकेकडे जागा आणि पाया मागा, शिल्पाचे पैसे मागू नका. पाया डीएसआरमध्ये बसतो, तिथे ते उदार होतात. आणि फॅब्रिकेटरचा तोंडी आकडा सोडून द्या. वजन, पत्र्याची जाडी, स्टीलची ग्रेड ३०४ की ३१६, पॉलिशचा प्रकार, आणि जीएसटी धरून की वेगळा, एवढं लिहिलेलं कोटेशन त्याच्या लेटरहेडवर घ्या.